अडवलेले प्रत्येक पॅकेट म्हणजे हल्ला नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पहिल्या पानावर अधूनमधून एक बातमी येते. संस्था दर वेळी वेगळी असते, आकडाही वेगळा असतो, मजकूर मात्र तोच: 'दररोज इतके लाख सायबर हल्ले परतवले'. मी २००२ पासून एका मध्यम आकाराच्या संस्थेचे सर्व्हर आणि फायरवॉल (जाळ्यात काय येऊ-जाऊ द्यायचे ते ठरवणारा पहारेकरी) सांभाळते. कामावर आले की आधी फायरवॉलचा लॉग वाचायचा, मग बाकीची कामे, हा माझा इतक्या वर्षांचा शिरस्ता. म्हणून ती बातमी वाचली की मला राहवत नाही. असे आकडे कुठून येतात हे मला ठाऊक आहे, कारण मी स्वतः तसा आकडा दिलेला आहे. तो हल्ल्यांचा नव्हता.

आधी लॉग म्हणजे काय ते सांगते. संगणकांमधली रहदारी छोट्या तुकड्यांत चालते, त्यांना पॅकेट म्हणतात. फायरवॉल त्यांचे काय करते याची ओळीओळीने ठेवलेली नोंद म्हणजे लॉग. आमची फायरवॉल ओपनबीएसडी या युनिक्सच्या घराण्यातल्या प्रणालीवर चालते. तिच्यातल्या गाळणीचे नाव पीएफ. आधीच्या गाळणीच्या परवान्यावरून २००१ मध्ये वाद झाला, ती प्रणालीतून काढून टाकली गेली आणि तिच्या जागी डॅनियल हार्टमायर यांनी नवी लिहिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आलेल्या ३.० आवृत्तीत ती होती. पीएफच्या एखाद्या रूलमध्ये, म्हणजे काय सोडायचे आणि काय अडवायचे हे सांगणाऱ्या नियमात, 'लॉग' एवढा एक शब्द घातला की त्या रूलने टिपलेल्या पॅकेटची प्रत पीएफलॉग-झीरो नावाच्या एका आभासी नेटवर्क कार्डाकडे जाते. खऱ्या कार्डावरची रहदारी जशी टीसीपीडम्प हे पॅकेटे छापून दाखवणारे साधन लावून पाहतात, तशीच ही पाहायची. कमांड दिली की ओळी सरकू लागतात. पाठीमागे पीएफलॉगडी ही सेवा तेच सारे एका फाइलमध्ये उतरवत असते. ती फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली तर अगम्य चिन्हे दिसतात. तीही टीसीपीडम्पनेच वाचायची.

एका ओळीत सुरुवातीला वेळ असते. मग रूलचा क्रमांक, मग 'ब्लॉक इन' किंवा 'पास आउट' असा निवाडा, कोणत्या कार्डावर ते घडले, कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्याच्या कितव्या पोर्टाकडे (म्हणजे यंत्राच्या कितव्या क्रमांकाच्या दाराकडे) पॅकेट निघाले होते, आणि पुढे 'एस' हे अक्षर असेल तर ती नव्या जोडणीची पहिली हाक. बस्स. त्या ओळीत हेतू कुठेच लिहिलेला नसतो. 'हल्ला' हा शब्द लॉगमध्ये मी आजवर पाहिलेला नाही. तो नंतर, अहवाल लिहिताना येतो.

माझ्या अहवालातही तो तसाच आला होता. एका वर्षी वरिष्ठांनी विचारले, 'वर्षभरात किती हल्ले परतवले?' मी लॉगमधल्या 'ब्लॉक'च्या ओळी मोजल्या आणि आकडा लिहून दिला. तो मोठा होता. तो सर्वांना आवडला, बैठकीत वाचला गेला. पुढच्या वर्षी तोच आकडा एकदम खाली आला आणि मला विचारण्यात आले की यंदा काही कमी पडले का? मी उत्तर शोधायला बसले आणि तीन दिवस त्यातच गेले.

पहिली गोष्ट सापडली ती घरातलीच. आधीच्या वर्षीच्या मोजणीत निम्म्याहून जास्त ओळी पोर्ट १३७ आणि १३८ च्या होत्या, आणि त्या बाहेरून आलेल्याच नव्हत्या. आमच्याच कार्यालयातले संगणक आणि दोन प्रिंटर आपापले नाव सगळ्या जाळ्याला ओरडून सांगत होते. ती हाक फायरवॉलच्या आतल्या कार्डापर्यंतही पोचत होती, आणि 'स्पष्ट परवानगी नसेल ते अडव आणि नोंदव' या माझ्या सरसकट रूलने ती इमानाने अडवून नोंदवली होती. मधल्या काळात प्रिंटर दुसऱ्या जाळ्यावर हलवले आणि माझ्या अहवालातले 'हल्ले' घटले. साप साप म्हणून भुई धोपटली होती मी, तीही स्वतःच्या अंगणातली.

दुसरी गोष्ट जास्त शिकवून गेली. अडवलेल्या पॅकेटचे काय करायचे, हे पीएफला दोन प्रकारे सांगता येते. एक, गुपचूप टाकून द्यायचे, समोरच्याला काहीच कळवायचे नाही. दोन, 'इथे कोणी नाही' असा नकार उलट पाठवायचा. मी मधल्या काळात काही रूल पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेले होते. त्याने मोजणीत काय फरक पडतो हे पाहायला मी दुसऱ्या एका लिनक्स संगणकावरून आमच्याच एका बंद पोर्टावर एकदाच जोडणी मागितली. गुपचूप टाकून देणारा रूल होता तेव्हा लॉगमध्ये सात ओळी उमटल्या. उत्तर येत नाही असे पाहून तो बिचारा संगणक एक सेकंद, दोन, चार, आठ असे अंतर वाढवत पुन्हा पुन्हा हाक मारत राहिला. मग रूलमधला एकच शब्द बदलून नकार पाठवायला सांगितले. एक ओळ. (फाइलमध्ये ती लगेच दिसेना तेव्हा मी गोंधळले होते. पीएफलॉगडी मूळ मांडणीत मिनिटभर नोंदी हातात धरून मग फाइलमध्ये टाकते, हे मला त्या दिवशी समजले.)

म्हणजे संगणक तोच, पोर्ट तेच, विनंतीही एकच. रूलमधल्या एका शब्दाने सातचा एक झाला. आपल्या पहिल्या पानावर छापल्या जाणाऱ्या लाखांच्या आकड्यामागे यातला कोणता शब्द आहे, हे कोणी विचारते का?

जोडणी मंजूर झाली तर हिशेब नेमका उलटा होतो. 'पास' करणाऱ्या रूलला 'लॉग' लावला तर पीएफ त्या जोडणीचे फक्त पहिले पॅकेट नोंदवते. पुढची हजारो पॅकेटे त्याच जोडणीची म्हणून न नोंदवता जाऊ देते. ती सगळी हवी असतील तर तसे वेगळे सांगावे लागते. अडवलेल्याच्या सात ओळी आणि आत शिरलेल्याची एक. लिनक्सवर काम करणाऱ्या माझ्या मित्रांचे तिसरेच. त्यांच्या आयपीटेबल्स किंवा एनएफटेबल्स या गाळण्यांमधला लॉग बहुधा कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) इतर संदेशांत मिसळून जातो, आणि त्याने डिस्क भरू नये म्हणून जाणते लोक त्याला मर्यादा घालतात: मिनिटाला इतक्याच ओळी लिहायच्या, वरच्या सोडायच्या. तिथला आकडा वाढू शकतो तो त्या मर्यादेपर्यंतच. अशा तीन संस्थांचे तीन आकडे शेजारी शेजारी छापून 'कोणावर जास्त हल्ले' अशी तुलना करणे मला अन्यायाचे वाटते.

आता ज्या ओळी खरोखर बाहेरून येतात त्यांच्याविषयी. २५ जानेवारी २००३, शनिवार. मी नोकरीत नवीन होते. लॉगमध्ये एकाच पोर्टाच्या ओळींचा लोंढा लागला होता: यूडीपी (आधी जोडणी न मागता पॅकेट पाठवायची पद्धत) १४३४. मी घाबरले. कोणीतरी आमच्या संस्थेवर उठले आहे, असेच वाटले. तो स्लॅमर नावाचा वर्म, म्हणजे स्वतःच्या प्रती काढत आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम होता, हे नंतर कळले. अख्खा वर्म एका पॅकेटात मावत होता, शीर्षभाग धरून ४०४ बाइट. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधल्या एका चुकीतून तो आत शिरे, आणि शिरला की अंदाधुंद पत्ते काढून स्वतःच्या प्रती उधळत सुटे. पहिल्या मिनिटांत लागण झालेल्या यंत्रांची संख्या दर साडेआठ सेकंदांना दुप्पट होत होती. लागण होण्याजोग्या यंत्रांपैकी बहुतेक सगळी त्याने दहा मिनिटांत गाठली. त्या चुकीची दुरुस्ती सहा महिने आधी, जुलै २००२ मध्येच उपलब्ध झाली होती.

त्या दिवशीच्या माझ्या लॉगमधली एकही ओळ आमच्यावर रोखलेली नव्हती. तो वर्म कोणाकडे पाहून पॅकेट टाकत नव्हता. आमचा पत्ता त्याच्या अंदाधुंद आकड्यांत आला, एवढेच. प्रत्येक ओळ म्हणजे कुठल्यातरी कार्यालयातला एक आजारी सर्व्हर, आणि त्याच्या मालकाला बहुतेक पत्ताच नसेल की आपले यंत्र काय करते आहे. त्या ओळींना 'आमच्यावरचे हल्ले' म्हणण्यापेक्षा 'इतरांच्या आजाराच्या खुणा' म्हणणे मला खरे वाटते. आजही बाहेरच्या कार्डावर जे अडते त्यातले बरेचसे याच जातीचे असते. पोर्ट २२, २३, ४४५, ३३८९ यांची दारे जगभर कोणीतरी सतत ठोठावून पाहत असते, आणि ते आपले एकट्याचे दार नसते.

'हल्ले अमुक देशातून झाले' हे वाक्यही आपल्या बातम्यांत असते. त्याबद्दल एक प्रसंग सांगते. एके दिवशी लॉगमध्ये एका प्रसिद्ध संकेतस्थळाच्या पत्त्यावरून आमच्या वेगवेगळ्या पत्त्यांवर पॅकेटे येताना दिसली, त्यांच्या पोर्ट ८० वरून. ती नव्या जोडणीची हाक नव्हती. 'तुम्ही मागितलेली जोडणी मंजूर' असे ते उत्तर होते. आम्ही काहीच मागितले नव्हते, म्हणून पीएफकडे त्या उत्तराशी जुळणारी विनंती नव्हती, आणि त्याने ती अडवली. माझ्या एका सहकाऱ्याने त्या पत्त्याला काळ्या यादीत टाकायची तयारी केली. थोडा विचार केल्यावर उलगडा झाला. कोणीतरी त्या संकेतस्थळावर खोट्या पत्त्यांनी विनंत्यांचा मारा करत होते, आणि त्या खोट्या पत्त्यांत आमचेही काही पत्ते वापरले गेले होते. संकेतस्थळ बापडे प्रत्येक विनंतीला उत्तर देत होते, आणि त्याची उत्तरे आमच्याकडे येत होती. मार खाणाऱ्यालाच आम्ही मारेकरी ठरवणार होतो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. पॅकेटवर लिहिलेला पाठवणाऱ्याचा पत्ता हा पाकिटाच्या मागे लिहिलेल्या पत्त्यासारखा असतो. तो कोणीही, काहीही लिहू शकतो. आणि खरा असला तरी तिथे बसलेले यंत्र स्वतःच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेले असू शकते. देशाचे नाव मथळ्यात घेण्याआधी एवढे तरी लक्षात घ्यायला हवे.

संपादक महोदय, इथवर वाचून असे वाटेल की मी लॉगला कमी लेखते आहे. तसे अजिबात नाही. लॉगवर माझा जीव आहे, आणि म्हणूनच त्याची नुसती मोजणी झालेली मला बघवत नाही. तो वाचल्यामुळे एकदा काय सापडले ते सांगते.

२०१६ चा ऑक्टोबर. आमच्याकडे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे नवे यंत्र बसवले होते. विक्रेत्याच्या तंत्रज्ञाला दुरून जुळणी करायची होती. कोणते पोर्ट हवे ते त्याला नीट सांगता येईना. शुक्रवारी संध्याकाळी, 'दोनच दिवस' म्हणून मी त्या यंत्राकडची सगळी पोर्ट बाहेरून उघडून दिली. माझ्याच हाताने. सोमवारी सकाळी लॉग उघडला तर आतल्या कार्डावर, म्हणजे संस्थेतून बाहेर जाण्याच्या वाटेवर, अडवलेल्या ओळींचा पूर आला होता. एकाच पत्त्यावरून, त्या नव्या यंत्राच्या पत्त्यावरून. ते पोर्ट २३ कडे, आणि दहातून एखाद्या वेळी २३२३ कडे, जगभरच्या असंबद्ध पत्त्यांवर हाका मारत होते. आतून बाहेर जाताना वेब, मेल, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) असे मोजकेच सोडायचे आणि बाकीचे नोंदवून अडवायचे, असा रूल मी बऱ्याच आधी लिहिला होता. तो लिहिला तेव्हा 'आपल्याच लोकांवर पहारा कशाला' असे मला काहींनी सुनावले होते.

त्या ओळींत एक विलक्षण गोष्ट होती. टीसीपी या जोडणीच्या पद्धतीत प्रत्येक नव्या जोडणीला सुरुवातीचा एक अनुक्रमांक असतो आणि तो अंदाज बांधता येऊ नये असा निवडायचा असतो. टीसीपीडम्प तो छापते. या ओळींतले अनुक्रमांक मी कागदावर उतरवले आणि ज्या पत्त्याकडे पॅकेट निघाले होते त्या पत्त्याची एका संख्येत बेरीज केली. उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला एक पत्ता घेते: १९८.५१.१००.७. पहिला भाग गुणिले १६७७७२१६, दुसरा गुणिले ६५५३६, तिसरा गुणिले २५६, अधिक चौथा, म्हणजे ३३२५२५६७११. लॉगमध्ये प्रत्येक ओळीत असेच जुळत होते. अनुक्रमांक म्हणजे हुबेहूब समोरचा पत्ता. ही मिराई या बॉटनेटची, म्हणजे ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेची, ओळखखूण आहे. त्याचा सोर्स कोड सप्टेंबरच्या अखेरीस कोणीतरी उघड्यावर टाकला होता, आणि कारखान्यातून येतात तेच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर तो शोधून काढून ताब्यात घेत होता. त्याच महिन्याच्या २१ तारखेला अशाच यंत्रांच्या फौजेने डाइन या कंपनीच्या डीएनएस सेवेवर मारा केला आणि ट्विटरसह अनेक मोठी संकेतस्थळे कित्येकांना काही तास उघडेनात. तो खरा हल्ला होता. त्यात सामील व्हायला आमच्या कोपऱ्यातले यंत्र तयार बसले होते.

मी केबल काढली. मिराई फक्त मेमरीत राहतो, वीज बंद करून चालू केली की जातो. पण पासवर्ड तोच आणि दार तसेच उघडे राहिले तर थोड्याच वेळात पुन्हा येतो. पासवर्ड बदलला, उघडलेली पोर्ट बंद केली आणि मगच केबल पुन्हा लावली.

मला अजूनही टोचते ते पुढचे. ते यंत्र कधी आणि कुठून बिघडवले गेले, हे मला आजपर्यंत कळलेले नाही. आत येताना जे घडले ते लॉगमध्ये नव्हतेच. ती वाट मी उघडली होती आणि त्या 'पास'च्या रूलला 'लॉग' लावला नव्हता. निदान बाहेरच्या हाका कधी सुरू झाल्या ते पाहावे म्हणून जुन्या फाइली काढायला गेले. ओपनबीएसडीत लॉगची फाइल २५० किलोबाइटच्या वर गेली की बाजूला ठेवून नवी सुरू होते, आणि बाजूच्या तीनच ठेवल्या जातात. ही तपासणी तासातासाला होते. ही मूळ मांडणी मी इतकी वर्षे बदललीच नव्हती. एरवी तेवढ्यात कित्येक दिवस मावत. त्या पुरात फक्त शेवटचे चार तास उरले होते. शनिवार-रविवारचे सगळे त्या यंत्रानेच स्वतःच्या आरडाओरड्याखाली पुसून टाकले होते.

हल्ल्यांचे लाख मोजणाऱ्या बातमीत हा प्रसंग कुठे बसतो, सांगा. त्या सोमवारी अडवलेल्या ओळी प्रचंड होत्या, आणि त्या सगळ्या आमच्याकडून निघालेल्या होत्या. घात केला तो अडवलेल्या पॅकेटाने नव्हे. मी आत सोडलेल्या, न नोंदवलेल्या पॅकेटाने केला. अडवले गेले ते तिथेच संपते. ज्याला आपण स्वतः दार उघडतो त्याच्याकडे जास्त बघायला हवे, आणि आतून बाहेर कोण जायला धडपडते आहे याच्याकडे सर्वांत जास्त.

त्यानंतर मी माझी पद्धत बदलली. लॉग आता रोज रात्री दुसऱ्या यंत्रावर उचलून ठेवला जातो. फाइलची मर्यादा डिस्ककडे बघून वाढवली. बाहेरून आत येणाऱ्या प्रत्येक 'पास'ला 'लॉग' आहे. रूलना क्रमांकाऐवजी नावाने ओळखते. क्रमांक फसवे असतात: वर एक नवा रूल घातला की खालच्या सगळ्यांचे क्रमांक सरकतात, आणि गेल्या महिन्यातल्या लॉगमधला '१२' आजच्या यादीतला '१२' राहत नाही. म्हणून रूल बदलले की पीएफसीटीएल या पीएफच्या कमांडने निघणारी क्रमांकांसकट यादी तारीख घालून जपून ठेवते. टीसीपीडम्पला पत्त्यांची नावे शोधू नकोस असे आवर्जून सांगते, नाहीतर प्रत्येक पत्त्यामागे एक विचारणा बाहेर जाते आणि समोरच्याने आपलाच नावांचा सर्व्हर मांडला असेल तर त्याला कळते की त्याची ओळ कोणीतरी वाचते आहे. प्रिंटरांच्या हाकांसारखा ओळखीचा गोंगाट न नोंदवता टाकून देणारे रूलही आहेत, पण ते मोजकेच. 'हे नेहमीचेच' म्हणून एखादी गोष्ट नजरेआड करण्याचा मोह फार होतो, आणि त्याच आडोशाला कोणी उभे राहिले तर दिसणार नाही.

सकाळी वाचायचा क्रमही ठरला. आधी आतून बाहेर जाताना अडलेले. तिथे एरवी जेमतेम पाच-दहा ओळी असतात, म्हणून नवी ओळ लगेच डोळ्यांत भरते. मग रात्रीतून आत सोडलेल्या जोडण्या. बाहेरून अडवलेले सगळ्यात शेवटी, आणि तेही पोर्टनिहाय, कालच्या शेजारी आजचे ठेवून. तिथे आकडा किती मोठा आहे ते मी पाहतही नाही. कधी न दिसलेले पोर्ट दिसले का, एवढेच पाहते. सगळे मिळून वीस मिनिटे लागतात. ही वीस मिनिटे माझ्या कामाच्या वर्णनात कुठेही लिहिलेली नाहीत. रजेवर गेले की ती कोणीच देत नाही. फायरवॉल खरेदी करायला मंजुरी मिळते, ती वाचायला माणसाचा वेळ मागितला तर 'ते यंत्र आपोआप करते ना?' असे उत्तर येते. यंत्र अडवते. कोणत्या ओळीवर थांबायचे ते त्या ओळी रोज पाहणाऱ्यालाच उमगते.

आणखी एक, थोडक्यात. हा लॉग माणसांचाही असतो. बाहेर जाणाऱ्या जोडण्या नोंदवायला लागले तेव्हा कोणाच्या संगणकावरून कधी कुठे जोडणी झाली ते मला दिसू लागले, आणि ते मला नको होते. मी सहकाऱ्यांना लेखी कळवले की काय नोंदवले जाते, किती दिवस ठेवले जाते आणि कोण वाचते. फाइलचे हक्क फक्त रूटकडे, म्हणजे मुख्य व्यवस्थापकाच्या खात्याकडे आहेत. मोठमोठ्या आकड्यांबरोबर संस्था हेही सांगत असतील तर मला आनंद होईल. आजवर कोणत्या बातमीत ते वाचल्याचे आठवत नाही.

वाचण्यानेच चोर सापडतो, याचा जुना दाखला आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाने तो क्षुल्लक म्हणून सोडून दिला नाही. सुट्टीच्या दिवसांत सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे प्रिंटर आणि टर्मिनल उचलून आणून त्याने बाहेरून येणाऱ्या लाइनींना जोडले आणि छापून आलेला कागद वाचत बसला. त्यातून पुढे जर्मनीतला घुसखोर सापडला, जो मिळवलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला विकत होता. त्याच प्रयोगशाळेत दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, टीसीपीडम्प लिहिले गेले, जे मी आजही रोज सकाळी चालवते. स्टोलने लाखो हल्ले मोजले नव्हते. हिशेबात न जुळणारी एक ओळ त्याने पाहिली होती.

तेव्हा माझी विनंती अशी. पुढच्या वेळी कोणी असा आकडा घेऊन आपल्याकडे आले, तर आपल्या प्रतिनिधीने त्यांना विचारावे की हे मोजले कसे? पॅकेटे मोजली, जोडण्या मोजल्या की लॉगच्या ओळी? अडवलेल्याला नकार पाठवता की गुपचूप टाकून देता? लॉगला मर्यादा आहे का, आणि जुना लॉग किती दिवस मागे सापडेल? आतून बाहेर जाताना काय अडले? आणि हे सगळे एखाद्या माणसाने डोळ्यांनी शेवटचे कधी वाचले? उत्तरे मिळाली तर आकड्याच्या शेजारी तीही छापावीत. मिळाली नाहीत तर ते छापावे.

आपल्या प्रतिनिधीला हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर माझ्या शेजारी एक सकाळ बसावे. वरिष्ठांची परवानगी मी काढीन, पत्ते झाकून ओळी दाखवीन. वीस मिनिटांचे काम आहे.

आमच्या जाळ्याची मांडणी या पत्रात थोडीफार आली असल्याने माझे आणि संस्थेचे नाव प्रसिद्ध करू नये.

आपली नम्र वाचक,
एक संगणक-व्यवस्थापक